स्क्रीनची उंची

दस्तगीर म्हणाला, ताई, एवढ्या वर बोर्ड कुठं असतो व्हय?
सव्वापाच फुटांवर.
बटण दाबायचं म्हणजे रोज सकाळी
वर्गात हात वर केल्यासारखं.
मी म्हटलं, तिथंच बसव.
त्यानं भिंतीवरच्या रेघेकडं पाहिलं,
आणि पुढं काही न बोलता ड्रिल सुरू केलं.

गावभागात असंच असतं.
फ्रिज विटांवर, सातबारा माळ्यावर,
माझा सीपीयू भिंतीतल्या फळीवर, देवाच्या शेजारी.
उदबत्तीची राख पंख्यातून आत जाते.
जाऊ दे.
अडचण वायरींची आहे:
एवढ्या वरून उतरताना माऊसची वायर वीतभर कमी पडते.
बिनवायरचा घेतला, तर त्याचा सेल
नेमका जीएसटीच्या शेवटच्या तारखेला संपतो.

मी तीन अडत्यांचे हिशेब लिहिते.
मार्केट यार्डातून सौद्याच्या पट्ट्या येतात,
कागदाला हळद, हळदीला कागद.
म्हणून कीबोर्ड पिवळा.
शून्यावर आणि एन्टरवर जरा जास्तच.
अनुप्रिया म्हणते, आई, तुझ्या कीबोर्डचं लग्न ठरलंय वाटतं.
दिवाळीत कळा काढून साबणानं धुतल्या,
लावताना ‘म’ आणि ‘न’ची अदलाबदल झाली.
आता बोटांना माहीत आहे, डोळ्यांना नाही.

खुर्ची चौगुल्यांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतली,
चारशेला.
किती जणांनी तिच्यावर ताठ बसून पासपोर्टचा श्वास धरला असेल.
तिचा दांडा गळका आहे.
सकाळी नीट असते,
दुपारपर्यंत चार बोटं खाली उतरते
आणि मी तिच्याबरोबर.

मग मान धरली.
विश्रामबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
डोळे आणि स्क्रीनची वरची कड एका रेषेत पाहिजे.
गोळ्या नंतर, आधी स्क्रीन उचला.
घरी येऊन उचलायला काय आहे ते शोधत बसले.
पाट डुगडुगला.
डबा वाजला.
अनुप्रियाचं गाईड दोन दिवसांनी परत मागून नेलं.

तेव्हा माळ्यावरच्या खतावण्या आठवल्या.
सासऱ्यांच्या, लाल कापडी बांधणीच्या.
एकोणीसच्या पुरात आठ दिवस पाण्यात होत्या,
मग गच्चीवर महिनाभर उन्हात.
वाळल्या, पण उघडल्या नाहीत.
कोण किती देणं लागतो, आपण कुणाचं किती,
सगळं फुगून एक वीट झालेलं.
गाद्या टाकल्या, टीव्ही टाकला, लग्नाचा अल्बम टाकला.
या टाकायला काढल्या तर मामंजी दारात उभे राहिले,
म्हणाले, यात लोकांची नावं आहेत.

तीन ठेवल्या, वर स्क्रीन ठेवला.
बसून समोर पाहिलं.
स्क्रीनची वरची कड
भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला
बरोब्बर टेकलेली.
टेप लावून पाहिलं. सुताचाही फरक नाही.
म्हणजे मी बसते तेव्हा
माझे डोळे पाण्याच्या पृष्ठभागावर असतात.
दुपारनंतर, खुर्ची उतरली की,
जरा आत.

रंगारी आला तेव्हा म्हणाला, डाग झाकून टाकतो.
म्हटलं, स्क्रीनच्या मागचं राहू दे,
तिथं कुणी बघत नाही.
ते खोटं होतं.

मान आता बरी आहे.
जुलै लागला की मी शीटमध्ये एक रकाना वाढवते,
राजापुरीचा भाव, पोती, आडत, हमाली
आणि सगळ्यात शेवटी
आयर्विन पुलाची पातळी, फुटांत.
काल बावीस. आज सव्वीस.
अडत्यांना पाठवताना तो रकाना लपवते.
पण परवा पायगोंडांनीच फोन केला,
भाव विचारला, मग थांबले,
मग म्हणाले, वहिनी, ते शेवटचं पण सांगा.

त्या रकान्याला खाली बेरीज नाही.